वैजिनाथ अण्णांना शक आहे

वैजिनाथ अण्णा कुणाच्या घरी जेवायला बसले की आधी भाकरी मोजतात. स्वतःच्या ताटातल्या नव्हे, चुलीशेजारच्या टोपल्यातल्या. बोलता बोलता मान जरा लांब होते, डोळे बारीक होतात, ओठ हलतात. मग खिशातून डायरी निघते.

पहिल्या भेटीत मला वाटलं, माणूस खादाड असावा. तो समज चुकीचा निघाला. अण्णा एका भाकरीत उठतात. मोजणीचं कारण वेगळं असतं. "घरात माणसं किती, हे माणसाला इचारू नये," असं त्यांचं मत आहे. "माणूस सोयीनं सांगतो. रेशनचा साहेब आला की नऊ, दुसरा कुणी आला की चार. भाकरी एकच आकडा सांगती."

एकदा ईट गावच्या शिवारातल्या एका घरी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मुलाच्या आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जावर कुटुंबातली माणसं पाच लिहिली होती. टोपल्यात सतरा भाकरी होत्या.

"पाच जणांत सतरा?" अण्णांनी विचारलं.

"दोन कुत्र्याला असत्यात मास्तर," घरधनी म्हणाला.

"पंधरा राहिल्या."

"उद्या भाऊ येणार हाय."

"मंग आज कशाला थापल्या?"

घरधन्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं छपराकडे. शेवटी आतल्या खोलीतून पांढऱ्या मिशांचे एक आजोबा आपण होऊन बाहेर आले. "म्या हाय मास्तर. अन् धाकटा, त्याची बायको, तीन लेकरं. रेशनकार्ड येगळं केलंय, चूल एकच हाय. लिवा काय लिवायचं ते, पर आता जेवा."

अण्णांनी लिहिलं : अर्जानुसार पाच, भाकरीनुसार अकरा. आणि मग शांतपणे जेवले.

अण्णांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं नोकरी केली. त्यात शिकवलं किती हे विचारणं अन्यायाचं होईल, कारण आपल्याकडे जे जे मोजण्यासारखं आहे ते मोजायला शेवटी गुरुजीच लागतो. अण्णांनी माणसं मोजली, म्हशी मोजल्या, मतदार मोजले, संडास मोजले, एका वर्षी तर विहिरी मोजल्या. इतकं मोजल्यावर माणसाचा आकड्यांवर विश्वास बसेल असं आपल्याला वाटतं. अण्णांचा उडाला. "आकडा कुठं जन्मतो ठावं हाय का तुमाला?" ते मला विचारतात. मी नाही म्हणतो, कारण हो म्हटलं तरी ते सांगणारच असतात. "लिंबाखाली. जेवण झाल्यावर. चार मास्तर बसत्यात, एक जण म्हणतो, मागल्या साली किती हुतं? त्यात थोडं वाढवू. झाला आकडा! तोच मुंबईला जातो, अन् तिथं साहेब लोक त्याचा अभ्यास करत्यात."

"मला शक हाय," हे त्यांचं पालुपद. पाऊस पडेल म्हणालात तर शक हाय. एसटी वेळेवर आली तर जास्तच शक हाय.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरी बसला असता तर गावाचं भलं झालं असतं. पण ईटपासून थोड्या अंतरावर 'दुसरी घंटा' नावाची एक शाळा निघाली आणि अण्णा तिथं गणित शिकवायला आणि नोंदी ठेवायला गेले. मीही तिथंच त्यांना भेटलो. मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर गावी परतलो आणि आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवू लागलो. अण्णा मला नावानं हाक मारत नाहीत. "ग्रंथपाल" म्हणतात. नावाची खात्री पटली नसावी.

ही शाळा ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी आहे. इमारत म्हणजे जुनं कोंबड्यांचं शेड, मध्ये दोन भिंती घालून तीन वर्ग केलेलं. अजूनही वाऱ्याची दिशा बदलली की एखादं पीस फळ्यासमोरून तरंगत जातं. गाव तिला कोंबड्यांची शाळाच म्हणतं. मुलं चाळीस-बेचाळीस, वयं चौदापासून विसापर्यंत. गणवेश नाही, छडी नाही, त्यामुळे पालकांना ही शाळा खोटी असल्याचा दाट संशय. इथली मुलं सतरा नंबरचा फॉर्म भरतात, म्हणजे बाहेरून दहावीला बसतात. एका आजीनं मला तोंडावर विचारलं होतं, "परीक्षा खरी असती का तिथली? का तुमीच घेता, तुमीच पास करता?"

शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा मुलांवर संशय नव्हता, कारण त्यांनी मुलं फारशी पाहिली नव्हती. धाराशिवला त्यांचं मंगल कार्यालय आहे. शाळेसाठी त्यांनी तिथला एक लाल मखमली सोफा दिला आहे, सोनेरी सिंहांच्या हातांचा. त्याच्यावर वर्षातून दोनदा ते स्वतः बसतात. मागच्या वर्षी त्यांनी रस्त्याला फ्लेक्स लावला : 'दहावीचा निकाल शंभर टक्के!' खाली मुलांचे चार फोटो आणि वर अध्यक्षसाहेबांचा एक, त्या चारांइतका.

अण्णा फ्लेक्सखाली बराच वेळ उभे होते. मग भर बैठकीत त्यांनी विचारलं, "चार बसले, चार पास. बसायला नऊ तयार हुते. पाच जणांचे फॉर्म कुणी ठेवून घेतले?"

"अण्णा, कच्ची मुलं होती ती," अध्यक्ष म्हणाले.

"मंग कच्च्यासाठीच काढली ना शाळा? का पिकल्याली गोळा कराया?"

त्यानंतर अध्यक्षांना अण्णांबद्दल शक येऊ लागला. मला दोघांबद्दल होताच. पाच मुलांसाठी भांडणारे हेच अण्णा वर्गात मुलांचा जो छळ मांडत, तो पाहिला की त्यांची बाजू घेणं अवघड होई.

त्यांचं रजिस्टर हा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. मी आयुष्यभर पुस्तकांत काम केलं, पण असं एकही हाताळलं नाही. प्रत्येक गोष्टीचे दोन रकाने. 'वय, दाखल्यानुसार' आणि 'वय, आईनुसार.' 'हजर' आणि 'खरोखर हजर.' दुसऱ्या रकान्यात बसायचं तर तासाच्या शेवटी अण्णांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. शाळा का सोडली, या प्रश्नाला छापील अर्जात एकच उत्तर असतं : आर्थिक अडचण. अण्णा ते खोडून खाली खरं लिहीत. 'बहिणीचं बाळ सांभाळायला.' 'एसटी बंद झाली.' 'वर्गात एकटीच मुलगी उरली.' 'मास्तरानं मारलं.' याच्यापुढे एका ठिकाणी बारीक अक्षरात 'हे मास्तर मला ठाऊक आहेत' असंही लिहिलेलं होतं.

साठाच्या वर गुण पडले की मुलाची धडगत नसे. अण्णा त्याला शेताच्या बांधावर नेऊन तेच गणित आकडे बदलून पुन्हा घालत. दत्ता नावाच्या मुलाला एकदा चौसष्ट पडले. त्याला त्यांनी तीनदा तपासलं. चौथ्यांदा बोलावल्यावर दत्ता म्हणाला, "सर, एक काम करा. मला पन्नासच द्या. मला घरी जाऊ द्या."

"पन्नास कसे देऊ? खोटे हुतील ते."

"मंग चौसष्ट द्या."

"त्याचाच शक हाय."

अशा या अण्णांच्या तावडीत यंदा शीतल सापडली.

शीतल सतरा वर्षांची. वडील मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर असतात. आठवीत असताना सगळं घर त्यांच्यामागं हिंडलं आणि तिची शाळा सुटली. इथं आली तेव्हा वडिलांनी अण्णांना सरळ सांगितलं होतं, "मास्तर, या साली दहावी झाली तर पुढं नर्सिंगला घालतो. न्हाय झाली तर अठरा भरले की लगीन. स्थळ बघून ठिवलंय." त्यामुळे शीतलला पुढचं वर्ष नव्हतं. फॉर्म जायचा तर याच खेपेला जायला हवा होता, आणि शेवटची तारीख आठवड्यावर आली होती.

नेमक्या त्या आठवड्यात अण्णा तिची गृहपाठाची वही घेऊन माझ्यासमोर बसले.

"ही पोरगी वर्गात दहातली पाच गणितं चुकती. घरनं आणती ती सगळी बरोबर. मला शक हाय."

मी वही पाहिली. मोत्यासारखं अक्षर, डावीकडे घडी घालून पाडलेला समास, उत्तराखाली दोन रेघा आणि प्रत्येक गणिताच्या शेवटी ताळा. म्हणजे उत्तर बरोबर आलं का, हे गणित उलटं करून पाहिलेलं.

"ताळा आजकाल कुणी करत न्हाय," अण्णा म्हणाले. "हे जुन्या माणसाचं काम हाय."

असं म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले. अर्थ माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ते चष्मा विसरल्याचं सांगत आले. तो त्यांच्या खिशातून डोकावत होता. "ग्रंथपाल, येवढा गुणाकार करून द्या." मी दिला. त्यांनी कागद उजेडात धरला.

"तुमी ताळा केलात."

"सवय आहे."

"तेच म्हणतो म्या."

"अण्णा, मला एकसामयिक समीकरणं येत नाहीत. माझ्या वेळीही येत नव्हती."

"त्याचा काय पुरावा?"

न येण्याचा पुरावा कसा द्यायचा, हे मला आजवर समजलेलं नाही. त्यांनी मला एक समीकरण घातलं. मी ते मनापासून चुकवलं. म्हणजे चुकवायचं ठरवलं नव्हतं, मनापासून सोडवलं आणि चुकलं. अण्णांनी डायरीत माझ्या नावावर काट मारली आणि म्हणाले, "ठीक हाय. मंग दुसरं कुणीतरी हाय. ते घावस्तवर तिचा फॉर्म म्या सही करत न्हाय."

मला राग आला. मी म्हणालो, "अण्णा, तिचं लग्न लावाल तुम्ही या ताळ्यापायी."

"अन् खोट्या वहीवर फॉर्म गेला, मार्चात तीन तास एकटी बसली अन् नापास झाली, तर लगीन थांबतंय व्हय? उलट बाप म्हणंल, बघा, शिकवून काय झालं."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला आणखी संशय आला. अध्यक्षांना यंदाही कच्ची मुलं नको होती. अण्णांनी त्यांच्याशी आतून जुळवून तर घेतलं नसेल? वाद घालणारी माणसं पाहता पाहता सोफ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिलेली मी कॉलेजात पुष्कळ पाहिली होती. घरी चौकशीला जाताना अण्णांनी मला बरोबर घेतलं ते पंच म्हणून. मी गेलो तो त्यांच्यावर नजर ठेवायला.

शीतलची वस्ती माळावर होती. आम्ही दुपारी पोचलो. वडील मेंढरं घेऊन लांब गेले होते. मागं राहिलेल्या चार शेळ्या आणि आजारी कोकरं जाळीच्या कुंपणात होती, आणि शीतल बाटलीनं एका कोकराला दूध पाजत होती. छपराच्या सावलीत तिची आई, सुमन, पालथ्या घमेल्यावर वही ठेवून लिहीत बसली होती. आम्हाला पाहताच तिनं वही गोधडीखाली सारली आणि उगाच ज्वारी निवडू लागली. सुपात ज्वारी नव्हती.

अण्णा गोधडीशेजारी बसले. "वही काढ बाई."

"कसली वही मास्तर?"

"जिच्यात ताळा करतीस ती."

सुमनचा चेहरा उतरला. शीतल कोकरू सोडून धावत आली. "सर, आईला काय बोलू नका. माझीच चूक हाय."

"तू गप," सुमन म्हणाली. मग पदर सावरून अण्णांकडे वळली. "मास्तर, पोरीचा फॉर्म आडवू नका. म्याच लिवते. म्या सातवीला पयली आल्ते. आठवीची शाळा लांब पडायची, कोण धाडतंय? लगीन लावलं. ही शाळेतनं आली की सांगती, आज काय शिकवलं. पयले म्या भाकरी करता करता नुसतं ऐकायची. मंग एक दिवस म्हणलं, बघू तर करून. आलं. मंग दुसरं केलं. मंग राहवंनाच."

"सर, मी पण करते," शीतल म्हणाली. "कागदावर करते. आईचं बरोबर येतं, म्हणून वहीत आईचं..."

"हिचं अक्षर लई घाण हाय मास्तर."

"आता अक्षर कशाला काढतीस गं?"

अण्णांनी दोघींना थांबवलं आणि डायरीची पानं फाडली. पाठीला पाठ लावून बसवलं, दोघींना पाच-पाच वेगळी गणितं दिली. "ग्रंथपाल, तुमी मधी उभं राहा. अन् बोलू नका."

"मला येत नाहीत हो."

"तरीबी बोलू नका."

अर्धा तास त्या माळावर परीक्षा चालली. एक कोकरू आलं आणि त्यानं सुमनच्या कागदाचा कोपरा खाल्ला. अण्णांनी ते वाकून पाहिलं, त्या कोपऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं याची खात्री केली आणि तशी नोंद घेतली. शीतल ओठ चावत होती. सुमन मात्र आजूबाजूला कोण आहे हे विसरून गेली होती. असा चेहरा मी वाचनालयात कधीकधी पाहिला आहे, बंद व्हायची वेळ झाल्याचं ज्यांना सांगवत नाही अशा माणसांचा.

कागद तपासून झाल्यावर अण्णा म्हणाले, "शीतल, तीन. तीन तुझे खरे हायेत. तुझा फॉर्म जाईल. पर आजपासनं वहीत तुझं लिवायचं, चुकलं तरी तुझंच."

शीतल रडू लागली. अण्णांना रडण्याचाही शक येतो, पण या वेळी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. सुमनचा कागद त्यांच्या हातात होता. पाचही बरोबर होती, आणि पाचही गणितांचा ताळा केलेला होता.

"बाई, तुझं वय काय?"

"भूकंप झाला त्या साली म्या पाळण्यात हुते म्हणं."

"शाळा सोडल्याचा दाखला हाय का?"

ती उठली, आत गेली आणि आल्या पावली परत आली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला दाखला होता. एवढ्या वर्षांच्या फिरस्तीच्या संसारात हा कागद पेटीत इतका वर कसा राहिला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेब वार्षिक अहवालासाठी आले आणि सोफ्यावर बसले. निकाल, मुलांची वयं, गावं, समाज, पालकांचं शिक्षण असे तक्ते त्यांना हवे होते, शक्य असल्यास रंगीत. अण्णांनी सुमनचा नवा अर्ज पुढे ठेवला.

अध्यक्ष क्षणभर गोंधळले आणि मग उजळले. "म्हणजे आई आणि मुलगी एकाच वर्गात? वा! ही बातमी आहे अण्णा. फोटो घेऊ." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण आई नापास झाली तर?"

"हुईल की. परीक्षा हाय ती."

"तसं नको. निकालाचा प्रश्न आहे. शिवाय वयाचा तक्ता बिघडतो, सरासरी वर जाते."

"सरासरीत कुणी ऱ्हात न्हाय साहेब. म्या घरोघर हिंडलोय, त्या घरात कुणी घावलं न्हाय."

"ऐका माझं. तिला नाही म्हणत नाही मी. यंदा राहू द्या. उन्हाळ्यात तिची नीट तयारी करून घ्या, पुढच्या वर्षी बसवू. काय घाई आहे?"

बोलणं मुद्द्याचं होतं. मलाही ते पटलं. अण्णा आता हुज्जत घालणार म्हणून मी खुर्ची जरा मागं घेतली. पण अण्णांनी सवयीनं पेनचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "मला शक हाय" हे शब्द आले नाहीत. मग ते म्हणाले, "उन्हाळ्यात न्हाय."

"का?"

"उन्हाळ्यात न्हाय साहेब. फॉर्म या साली जाईल."

"मग जबाबदारी तुमची. निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी तुम्हाला इथं ठेवता येणार नाही."

"लिवून द्या," अण्णा म्हणाले.

अध्यक्षांनी लिहून दिलं नाही, पण रंगीत तक्ते न घेताच ते निघून गेले.

दुपारी सुमन आली. नवऱ्याला फोन केला होता, तो म्हणाला होता, "दोघीत कोण नापास हुतंय बघू!" हे तिनं हसत सांगितलं. अण्णांनी स्वतःच्या हातानं भरलेला अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिनं पेन उचललं.

"थांब. आधी वाच."

"तुमीच लिवलंय की मास्तर."

"म्हणूनच वाच. सगळं. मोठ्यानं."

ती वाचू लागली. बोट ठेवून, सावकाश, अडखळत. आईच्या नावाशी थांबली. "मास्तर, हे चुकलंय. तुमी पार्वती लिवलंय. दाखल्यात पारूबाई हाय."

छत्तीस वर्षं लोकांच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या माणसाला माझ्यासमोर प्रथमच कुणी चूक दाखवत होतं. मला वाटलं, आता हिला बांधावर नेतात. अण्णांनी दाखला पाहिला, अर्ज पाहिला, काट मारली आणि तिच्या हाती पेन दिलं. "तूच लिव."

ती गेली. मी निघण्यासाठी पिशवी उचलली, तेव्हा अण्णा खिडकीकडे पाहत बोलू लागले.

"आमच्या घरच्यांना वाचाया येत नव्हतं, ग्रंथपाल."

त्यांची बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली, एवढंच मला माहीत होतं.

"मास्तराची बायको अंगठेबहाद्दर, हे बरं दिसत न्हाय. जनगणनेला आमची गल्ली माझ्याकडंच हुती. म्या तिच्या नावापुढं लिवलं, साक्षर. ती चहा घेऊन आली, म्हणली, माझं काय लिवलं? म्हणलं, तुला लिवता-वाचता येतंय म्हणून लिवलं. ती लई हसली. म्हणली, मंग आता शिकवा. म्हणलं, उन्हाळ्यात शिकवतो, सुट्टी लागू दे. उन्हाळा आला की काय ना काय मोजायचं निघायचं. दर साली इचारायची. मंग इचारायची बंद झाली."

मी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"त्या दिवशी तिनं कागद हातात घेतला. म्हणली, माझं नाव कुठं हाय, दावा तरी. म्या घाईत हुतो, बाहेर लोक उभे हुते. बोट ठेवलं अन् म्हणलं, हे बघ. ती आत गेल्यावर बघितलं, तर बोट शेजारच्या घरावर पडलं हुतं. तुकाराम म्हणून एक जण राहायचा, त्याचं नाव हुतं ते."

अण्णांनी पेन खिशाला लावलं.

"तिनं त्याच्यावरनं हात फिरवला हुता. दोनदा."